तीन पायऱ्यांचं शौर्य

१४ सप्टेंबर १८५७ रोजी दिल्लीचा काश्मिरी दरवाजा उडवायला इंग्रजांची सुरुंगवाल्यांची एक छोटी तुकडी निघाली. अंधारात उरकायचं काम लांबलं आणि चांगलं उजाडलं. दरवाज्यापुढच्या खंदकावरचा पूल अर्धा तुटलेला होता. त्याच्या उरलेल्या तुळयांवरून तोल सावरत, खांद्यावर दारूची पोती घेऊन ही माणसं दरवाज्याला भिडली. वरून, बाजूच्या खिडकीतून गोळ्या येत होत्या. पोतं ठेवतानाच सार्जंट कारमायकेल पडला. हवालदार माधो जखमी झाला. शिपाई राम हेत जागीच ठार झाला. लेफ्टनंट सॅल्केल्डला काडी लावायची होती, पण हातापायात गोळ्या लागल्या. त्यानं ती काडी कॉर्पोरल बर्जेसच्या हाती दिली, तोही पडला. हवालदार तिलोकसिंगाला जिवावरची जखम झाली. सुभेदार तुलाराम आणि जमादार बिसराम तिथेच होते. अखेर स्फोट झाला, दरवाज्याचं एक दार फुटलं, बिगुल वाजला आणि फौज आत घुसली.

या कामगिरीबद्दल चार जणांना व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला: लेफ्टनंट होम, लेफ्टनंट सॅल्केल्ड, सार्जंट स्मिथ आणि बिगुलवाला हॉथॉर्न. चौघेही गोरे. पूल तोच, पोती तीच, गोळ्याही त्याच. पण माधो, तुलाराम किंवा बिसराम यांच्या नावाची शिफारस त्या क्रॉससाठी होणं नियमानेच शक्य नव्हतं. त्यांच्यासाठी वेगळं पदक होतं. आज त्याचं नाव फारसं कुणाला ठाऊक नाही, पण ते व्हिक्टोरिया क्रॉसपेक्षा एकोणीस वर्षांनी जुनं आहे. त्याचं नाव ऑर्डर ऑफ मेरिट. पुढे, १९०२ साली इंग्लंडने याच नावाचा स्वतःचा किताब काढला, तेव्हा गोंधळ नको म्हणून याला इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट म्हणू लागले.

हे लिहिताना मराठी वाचकाच्या मनात एक प्रश्न उठणारच, आणि तो बाजूला सारून पुढे जाणं मला पटत नाही. त्या दरवाज्याच्या आत कोण होतं? आपलीच माणसं. बंड करून उठलेले, कालपर्यंत त्याच ईस्ट इंडिया कंपनीचं मीठ खाल्लेले शिपाई. त्याच वर्षी कानपूर-बिठूरकडे नानासाहेब लढले होते, झाशी लक्ष्मीबाईंच्या ताब्यात होती. मग तुलारामाच्या शौर्याचं काय करायचं? मला वाटतं, ते शौर्य नाकारता येत नाही आणि ते कुणाच्या कामी आलं हेही विसरता येत नाही. या पदकाचा सगळा इतिहास या दोन्ही गोष्टी एकदम मनात धरूनच वाचावा लागतो.

कंपनीला हे पदक का काढावंसं वाटलं, ते समजायला थोडं मागे जाऊ. १८१८ च्या १ जानेवारीला भीमेकाठी कोरेगावला पेशव्यांच्या फौजेशी मुंबई लष्कराची पलटण दिवसभर झुंजली. तिच्यात महार शिपाई मोठ्या संख्येने होते. पडलेल्या आणि जखमी झालेल्या शिपायांची नावं तिथल्या दगडी स्तंभावर कोरली गेली, पण एखाद्या शिपायाने त्या दिवशी काय केलं, यासाठी त्याच्या छातीवर लावायला कंपनीपाशी काहीच नव्हतं. ‘आर्मी ऑफ इंडिया’ हे मोहिमेचं पदक आणि त्यावरची कोरेगावची पट्टी मिळायला १८५१ साल उजाडलं. तेहतीस वर्षांनी. आणि तेही तोवर जिवंत असलेल्यांनाच.

१८३७ साली, लॉर्ड ऑकलंड गव्हर्नर जनरल असताना, कंपनीने देशी सैनिकांसाठी एकदम दोन मान सुरू केले. एक ऑर्डर ऑफ ब्रिटिश इंडिया. तो देशी अंमलदारांच्या दीर्घ आणि इमानी नोकरीसाठी होता आणि त्याच्याबरोबर ‘सरदार बहादूर’ आणि ‘बहादूर’ हे किताब मिळत. दुसरा ऑर्डर ऑफ मेरिट. तो फक्त रणांगणावरच्या शौर्यासाठी, आणि सुभेदारापासून साध्या शिपायापर्यंत कुणालाही मिळू शकत असे. इंग्लंडच्या स्वतःच्या सैन्यात तेव्हा साध्या शिपायाच्या शौर्यासाठी असं कायमचं पदकच नव्हतं. गोऱ्या सोल्जरला जे नव्हतं ते काळ्या शिपायाला आधी मिळालं, ही गोष्ट खरी आहे. तिच्यामागचा हिशोबही साफ होता. मूठभर इंग्रजांना एवढा मुलूख राखायचा तर तो शिपायाच्या बळावरच राखता येणार होता, आणि शिपाई पगारावर जगत होता.

पदकाचं रूप असं: आठ टोकांचा तारा, मधे गडद निळ्या मिन्याच्या वर्तुळात दोन तलवारी एकमेकींवर आडव्या, भोवती शौर्याचं बक्षीस अशा अर्थाची इंग्रजी अक्षरं आणि त्याबाहेर लॉरेलच्या पानांचं कडं. फीत गडद निळी, दोन्ही काठ तांबडे. वर्ग तीन. तिसऱ्या वर्गाचा तारा चांदीचा आणि कडंही चांदीचं. दुसऱ्याचा तारा चांदीचा, कडं सोन्याचं. पहिल्याचा सगळा सोन्याचा. आता यातली मेख अशी की कितीही मोठा पराक्रम केला तरी सुरुवात तिसऱ्या वर्गापासूनच व्हायची. तिसरा मिळाल्यावर पुन्हा एकदा जिवावर उदार व्हायचं, तेव्हा दुसरा. तिसऱ्यांदा तसंच काही करून जगला-वाचला, तर पहिला. जो मरणाच्या तोंडात एकदाच शिरला आणि पुढे निवृत्त झाला, तो कायम तळाच्या पायरीवर.

५ व्या गुरखा पलटणीच्या किशनबीर नगरकोटी यांनी या तिन्ही पायऱ्या दुसऱ्या अफगाण युद्धात चढल्या. १८८८ च्या ब्लॅक माउंटनच्या मोहिमेत त्यांनी चौथ्यांदा तसाच पराक्रम केला. चौथी पायरी नियमात नव्हतीच. तेव्हा त्यांच्या पदकाच्या फितीवर सोन्याची पट्टी चढवावी लागली. चार वेळा! एवढं होऊनही व्हिक्टोरिया क्रॉसच्या यादीत त्यांचं नाव येऊ शकत नव्हतं.

आता पैशाचं बोलतो, कारण शिपायाच्या घरी या पदकाचा खरा अर्थ तिथे लागत होता. त्या काळी पायदळाच्या शिपायाचा पगार महिना सात रुपये. तो १८९५ पर्यंत सातच राहिला. तिसऱ्या वर्गाच्या मानकऱ्याला पगाराच्या एक तृतीयांश जादा मिळे, म्हणजे दोन रुपये पाच आणे चार पै. दुसऱ्या वर्गाला दोन तृतीयांश. पहिल्या वर्गाला पूर्ण पगाराइतकी भर, म्हणजे सातचे चौदा. निवृत्तीनंतर पेन्शनवरही ही रक्कम मिळत राही, आणि मानकरी वारला तर त्याच्या विधवेला तीन वर्षं. तीनच वर्षं. त्यानंतर तिनं काय करायचं, याचं उत्तर नियमात नव्हतं.

दोन-अडीच रुपये आज कानाला किरकोळ लागतात. पण मुंबई लष्कराची भरती ज्या रत्नागिरीकडच्या पट्ट्यातून व्हायची, तिथल्या वरकस जमिनीची, नाचणी-वरीवर निघणाऱ्या वर्षाची ज्याला कल्पना आहे, त्याला महिन्याच्या महिन्याला येणाऱ्या रोख रकमेचं मोल सांगावं लागत नाही. दापोलीला अजूनही जुनी माणसं ‘कॅम्प’ म्हणतात, ते तिथल्या लष्करी छावणीवरून. निवृत्त शिपायांची वस्ती तिथे होती. सुभेदार रामजी सकपाळ, म्हणजे बाबासाहेब आंबेडकरांचे वडील, लष्करातून निवृत्त झाल्यावर काही काळ कुटुंबासह दापोलीतच राहिले. पेन्शनवर घर चालवणाऱ्यांच्या गावात कुणाच्या कोटावर कोणती फीत आहे आणि त्यापायी किती जादा येतात, हे सगळ्यांना माहीत असणारच.

व्हिक्टोरिया क्रॉस आला तो २९ जानेवारी १८५६ च्या राजाज्ञेने. क्रिमियाच्या युद्धात साध्या इंग्रज सोल्जरने जे सोसलं, ते वर्तमानपत्रांतून घरोघरी पोहोचलं होतं. व्हिक्टोरिया राणीने मग असा क्रॉस काढला की ज्यात हुद्दा पाहायचा नाही, वर्ग करायचे नाहीत, एकच दर्जा. तोही सोन्याचांदीचा न करता साध्या काशाचा. २६ जून १८५७ ला लंडनच्या हाइड पार्कमध्ये राणीने स्वतः ६२ जणांना तो लावला. त्याच दिवसांत दिल्लीभोवती तोफा धडाडत होत्या.

हुद्दा पाहायचा नाही हे ठरलं, पण रंग पाहिला गेला. १८५६ मध्ये एक सबब सांगता येण्याजोगी होती, की कंपनीचं सैन्य हे राणीचं सैन्यच नव्हे. ती सबब फार काळ टिकली नाही. १८५७ सालीच कंपनीच्या नोकरीतल्या युरोपियनांना क्रॉस खुला करण्यात आला. १८५८ मध्ये कंपनी गेली, राणीचा जाहीरनामा आला, रयतेत भेद करणार नाही असं वचन त्यात दिलं गेलं. देशी पलटणींतल्या गोऱ्या अधिकाऱ्यांना त्यानंतर क्रॉस मिळत गेले, त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या शिपायांना मात्र नाही. अशी ५५ वर्षं गेली. वेगळं पदक आहे, त्याला भत्ताही आहे, मग तक्रार कसली, असा सरकारी युक्तिवाद करता येत होता. पण पदक वेगळं असणं हीच तर तक्रार होती.

१२ सप्टेंबर १८९७ ला सारागढीच्या चौकीत ३६ व्या शिख पलटणीचे हवालदार ईशरसिंग आणि वीस शिपाई हजारो पठाणांसमोर अखेरच्या माणसापर्यंत लढले. शेवटचा संदेश आरशांच्या झगझगाटाने शेजारच्या किल्ल्यात पोहोचवून संदेशवाल्या गुरमुखसिंगाने यंत्र आवरलं, बंदूक उचलली आणि तोही लढत पडला. एकवीसच्या एकवीस जणांना मरणोत्तर ऑर्डर ऑफ मेरिट मिळाली. तिसऱ्या वर्गाची. नियमाप्रमाणे ती पहिलीच पायरी होती, आणि दुसरी चढायला त्यांच्यातला कुणी उरला नव्हता. वारसांना पाचशे रुपये आणि जमीन देण्यात आली. पंजाबात त्यांची स्मारकं उभी राहिली आणि ती नावं लोकांनी जपली. पण एकाच चौकीतल्या एकवीस मृतांच्या शौर्याचा वर्ग ठरवणारा तो नियम वाचला की मला अजूनही राग येतो.

महाराष्ट्रातल्या महारांची कथा याहून वेगळी आणि जास्त कडवट आहे. कोरेगावच्या स्तंभावर ज्यांची नावं, त्यांच्याच नातवंडांना १८९२ च्या सुमारास भरतीची दारं बंद झाली. ‘लढवय्या जाती’ नावाची एक समजूत तेव्हा लष्करात जोर धरत होती आणि तिच्या यादीत महार बसत नव्हते. गोपाळबुवा वलंगकर हे स्वतः निवृत्त सैनिक. त्यांनी या बंदीविरुद्ध अर्ज तयार केला. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी केली आणि युद्ध सरल्यावर १९२१ मध्ये ती मोडली. पदकाच्या यादीत कुणाचं नाव आहे हे पाहताना कुणाला मुळात रणांगणावर जाऊच दिलं नाही, हेही पाहायला हवं.

बदल झाला १९११ साली. ऑक्टोबरात राजाज्ञा निघाली आणि १२ डिसेंबरच्या दिल्ली दरबारात पंचम जॉर्जने जाहीर केलं की यापुढे हिंदी सैनिकही व्हिक्टोरिया क्रॉसला पात्र राहतील. वंगभंग रद्द झाला आणि राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलली, ती याच दरबारात. त्या मोठ्या बातम्यांत ही बातमी दबून गेली. ऑर्डर ऑफ मेरिटचा सोन्याचा पहिला वर्ग तेव्हा मोडीत निघाला. त्याची जागा आता क्रॉस घेणार होता.

तीन वर्षांत महायुद्ध लागलं. ३१ ऑक्टोबर १९१४ ला बेल्जियममध्ये होलेबेके इथे १२९ व्या बलुची पलटणीच्या दोन मशिनगन जर्मनांपुढे उभ्या होत्या. एक तोफगोळ्याने गेली, अधिकारी जखमी झाला. दुसऱ्या मशिनगनवरची पाचही माणसं मारली गेली आणि जखमी शिपाई खुदादाद खान एकटा ती चालवत राहिला. मेला समजून शत्रू पुढे निघून गेला, तेव्हा अंधारात सरपटत तो पलटणीत परतला. क्रॉस मिळवणारा हा पहिला हिंदी सैनिक. त्याची पलटण जुन्या मुंबई लष्करातली. गढवाल रायफल्सचे नाईक दरवानसिंग नेगी यांनी २३-२४ नोव्हेंबरच्या रात्री फेस्तुबेरला खंदकाच्या प्रत्येक वळणावर सगळ्यांत पुढे राहून तो साफ केला, डोक्याला दोन जखमा घेऊन. त्यांना राजाने डिसेंबरात फ्रान्समध्येच स्वतः क्रॉस लावला.

जमादार मीर दस्त यांची गोष्ट या दोन्ही पदकांना जोडणारी आहे. हे आफ्रिदी पठाण. १९०८ च्या मोहमंद मोहिमेत त्यांनी ऑर्डर ऑफ मेरिट मिळवली होती. २६ एप्रिल १९१५ ला ईप्रजवळ जर्मनांनी विषारी वायू सोडला. गोरे अधिकारी पडल्यावर मीर दस्त यांनी उरलेली माणसं गोळा करून जागा धरली, आणि माघारीचा हुकूम आल्यावर जखमी आठ अधिकाऱ्यांना, गोऱ्यांना आणि हिंदींना, गोळीबारातून सुखरूप मागे आणलं. पुढे ब्रायटनच्या राजवाड्यात हिंदी जखमींसाठी काढलेल्या इस्पितळात ते होते. तिथेच ऑगस्टमध्ये पंचम जॉर्जने त्यांना क्रॉस दिला. मीर दस्त यांचा सख्खा भाऊ मीर मस्त हाही त्याच सैन्यात जमादार. तो मार्चमध्ये, म्हणजे अवघे काही आठवडे आधी, माणसं घेऊन जर्मनांना जाऊन मिळाला होता. एका घरातले दोन भाऊ, दोन महिन्यांच्या आत दोन टोकांना. हे सैन्य कुणाचं, हा प्रश्न त्या घरात किती तीव्रतेने विचारला गेला असेल!

पहिल्या महायुद्धात ११ हिंदी सैनिकांना क्रॉस मिळाला. त्यांत मराठा एकही नाही. मराठा पलटणींनी ते युद्ध मुख्यतः मेसोपोटेमियात काढलं. १०३, ११० आणि ११७ या पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर कुतच्या वेढ्यात अडकल्या. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. धान्य संपत आलं, घोडे-खेचरं कापून खायची वेळ आली, आणि अखेर शरणागती आणि तुर्कांची कैद. भुकेत महिनोन्‌महिने टिकून राहण्याला पदक नसतं. ते एका क्षणाच्या, कुणा अधिकाऱ्याने पाहिलेल्या आणि लिहून धाडलेल्या कृत्याला मिळतं. ज्याच्या शौर्याचा साक्षीदारच मेला, त्याचं शौर्य कागदावर येत नाही. युद्धाच्या अगदी शेवटी, ऑक्टोबर १९१८ मध्ये शरकातला ११४ व्या मराठा पलटणीने एकाच लढाईत २८ शौर्यपदकं मिळवली, हे रेजिमेंटमध्ये आजही अभिमानाने सांगतात.

मराठ्यांच्या वाट्याला क्रॉस आला तो दुसऱ्या महायुद्धात, इटलीत, आणि नऊ महिन्यांत दोनदा आला.

पहिला नाईक यशवंत घाडगे यांचा. गाव पळसगाव, माणगावकडचं. तेव्हा कुलाबा जिल्हा, आता रायगड. वय बावीस. ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन. जून १९४४ मध्ये रोम पडलं आणि जर्मन उत्तरेकडे हटत चालले, पण प्रत्येक टेकडीवर, प्रत्येक नदीच्या वळणावर थांबून लढत. १० जुलैला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात घाडगे यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशिनगन सुरू झाली. क्षणात सगळी तुकडी, कुणी मेला कुणी जखमी, जमिनीवर. उभे उरले एकटे घाडगे. ते थेट मशिनगनवर धावले. आधी हातबॉम्ब टाकला, त्यात मशिनगन आणि ती चालवणारा दोन्ही निकामी झाली. मग टॉमीगनने आणखी एकाला टिपलं. गोळ्या संपल्या. नवी मॅगझिन चढवायला सवडच नव्हती, कारण दोघे अजून समोर होते. त्यांनी टॉमीगन नळीकडून धरली आणि दस्त्याने त्या दोघांशी झुंजून त्यांना ठार केलं. तेवढ्यात आडून नेम धरून बसलेल्या जर्मनांच्या गोळ्या त्यांना लागल्या आणि ते तिथेच, त्या जिंकलेल्या ठाण्यावर पडले. त्यांची अशी कबर नाही; कॅसिनोच्या स्मारकावर नाव आहे.

गरम झालेली नळी हातात धरून लढणारा हा पोरगा, आणि इकडे भातलावणीचे दिवस. पळसगावात त्या आठवड्यात माणसं गुडघाभर चिखलात उभी असतील. तार पोहोचायला वेळ लागला असेल. क्रॉस नंतर आला. माणगावात घाडगे यांचं स्मारक आहे आणि तिथे त्यांना मानवंदना दिली जाते. इटलीतल्या माँतोने या गावानेही २०२३ च्या जुलैत त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं. इटलीच्या त्या मोहिमेत पन्नास हजारांहून जास्त हिंदी सैनिक लढले, ५,७८२ कामी आले. तिथे दिल्या गेलेल्या वीस व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा हिंदी सैनिकांचे.

दुसरा क्रॉस शिपाई नामदेव जाधव यांचा. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातलं निमज हे त्यांचं गाव, आणि पलटण पहिली, म्हणजे ‘जंगी पलटण’. ९ एप्रिल १९४५ ची संध्याकाळ, सेन्यो नदी. नदी फार मोठी नाही, पण दोन्ही काठांना पुराचे उंच मातीचे बांध, आणि त्या बांधांच्या पोटात जर्मनांनी ठाणी खोदलेली, उतारावर सुरुंग पेरलेले. जाधव कंपनी कमांडरचे रनर, म्हणजे निरोप नेणारे. पाण्यातून पलीकडे चढताच तीन मशिनगनचा मारा सुरू झाला. कमांडर आणि दोघे जण जखमी, बाकीचे ठार. एकटे जाधव धडधाकट.

त्यांनी एका जखमीला उचललं, खोल पाण्यातून, चढावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून अलीकडे पोहोचवलं. परत गेले, दुसऱ्याला आणलं. इथे थांबले असते तरी कुणी नाव ठेवलं नसतं. पण ते तिसऱ्यांदा पलीकडे गेले. पहिलं ठाणं टॉमीगनने बंद केलं. हाताला गोळी लागली, टॉमीगन चालवता येईना, तर ती टाकून दिली आणि हातबॉम्ब घेतले. त्यांनी आणखी दोन ठाणी उडवली. मधे बॉम्ब संपले तेव्हा सरपटत बांधाच्या माथ्यावर जाऊन पलीकडच्या उतारावरच्या साथीदारांकडून आणखी घेतले. तिन्ही मशिनगन थंडावल्यावर, तोफांचा मारा चालूच असताना, ते बांधाच्या माथ्यावर उघड्यावर उभे राहिले, शिवाजी महाराजांच्या नावाची गर्जना केली आणि हात हलवून उरलेल्या कंपन्यांना नदी ओलांडायला बोलावलं.

हा रणघोष तेव्हा चार वर्षांपूर्वीचाच. १९४१ मध्ये एरिट्रियात, केरेनच्या डोंगरात इटालियनांशी लढताना मराठा पलटणींनी तो उचलला असं रेजिमेंटचा इतिहास सांगतो. इंग्रजांच्या सैन्यात, इंग्रजांच्या पदकासाठी पात्र ठरलेला मराठी शिपाई इटलीच्या बांधावर उभं राहून ज्या राजाचं नाव घेतो, त्याच्या गादीवरची सत्ता इंग्रजांनीच १८१८ मध्ये घेतली होती. मला यात विसंगती दिसत नाही. मरणाच्या तोंडावर माणूस जे स्वतःचं असतं तेच ओठांवर आणतो, आणि जाधवांच्या मनात ते नाव पदकाच्या, पगाराच्या आणि सरकारच्याही पलीकडे होतं. जाधव त्या लढाईतून वाचले, हवालदार होऊन निवृत्त झाले आणि १९८४ साली पुण्यात वारले.

१९४७ ला इंग्रज गेले तसे इंडियन ऑर्डर ऑफ मेरिटही संपली. तिची एकशे दहा वर्षांची यादी आता संग्रहालयांत आणि पदकं गोळा करणाऱ्यांच्या बाजारात आहे. कुणा शिपायाचा तारा लिलावात किती पौंडांना गेला, याची बातमी अधूनमधून येते.

स्वतंत्र भारताने २६ जानेवारी १९५० ला परमवीर चक्र सुरू केलं आणि त्याची अंमलबजावणी १५ ऑगस्ट १९४७ पासून धरली. त्याचा नमुना केला सावित्रीबाई खानोलकर यांनी. जन्माने स्वित्झर्लंडच्या, वडील हंगेरियन, आई रशियन; विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून त्या इथल्या झाल्या, संस्कृत आणि पुराणं शिकल्या. मेजर जनरल हिरालाल अटल यांनी हे काम त्यांच्यावर सोपवलं. दधीची ऋषींनी स्वतःची हाडं दिली आणि त्यांतून इंद्राचं वज्र घडलं, ही कथा त्यांनी निवडली. मधे राजमुद्रा, भोवती चार वज्रं, धातू पुन्हा कासंच, आणि फीत साधी जांभळी.

१९४७-४८ च्या काश्मीर युद्धातल्या पाच जणांना ते मिळालं: मेजर सोमनाथ शर्मा, नाईक जदुनाथसिंग, सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे, कंपनी हवालदार मेजर पिरूसिंग आणि लान्स नाईक करमसिंग. पाचांतले तिघे नॉन-कमिशन्ड. चौथे राणे, मूळ कारवारजवळच्या चेंडिया गावचे. तेही १९४० साली बॉम्बे इंजिनिअर्समध्ये साधे सॅपर म्हणून भरती झाले होते आणि ब्रह्मदेशात लढून वर चढले होते. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा ते राजौरीचा रस्ता शत्रूने सुरुंग आणि पाडलेल्या झाडांनी बंद केला होता, आणि राजौरीत लोकांची कत्तल चालली होती. राणे यांची तुकडी ८ तारखेला रस्ता साफ करायला निघाली. पहिल्याच दिवशी मॉर्टरच्या माऱ्यात त्यांचे दोघे जण गेले आणि स्वतः राणे जखमी झाले. पुढचे तीन दिवस ते रणगाड्यांच्या पुढे राहून, कधी सुरुंग उचलत, कधी वळणरस्ता खोदत चालत राहिले. १२ तारखेला राजौरी हाती आली. पदकासाठी त्यांचा हुद्दा पाहिला गेला नाही आणि त्यांना आधी खालच्या वर्गातून यावं लागलं नाही. ते मेजर होऊन निवृत्त झाले आणि १९९४ साली पुण्याच्या लष्करी इस्पितळात वारले.